अडॅप्टरच्या कपाळावरचं कुंकू

मागच्या आठवड्यात फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, आबांचा तो गुणगुणणारा डबा इतके दिवस बंद का होता?" मी "बिघडला होता, आता नीट झाला" एवढंच सांगितलं. तिकडे तुमची झोपायची वेळ झाली होती, आणि ही गोष्ट चार वाक्यांत सांगण्यासारखी नाही. शिवाय तिच्यात चूक माझी आहे. चूक सांगायची तर क्रमाने सांगावी, असं मी वर्गातल्या मुलांना नेहमी बजावत असे. तेव्हा क्रमाने सांगते.

तो डबा म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा, पुढे फिरवायच्या चार गोल चाव्या, मागे विजेची पिन खुपसायला एक भोक. चालू केला की चार तारा एकामागून एक छेडल्यासारखा आवाज येत राहतो आणि गाणाऱ्याला सूर धरायला आधार मिळतो. आबांनी तो नागपूरच्या एका मित्राकडून जुनाच घेतला होता, त्यामुळे त्याचे कागदपत्र कधी माझ्या फाइलमध्ये आले नाहीत. आबा तेव्हा तहसील कचेरीत होते. दिवसभर पहाण्या आणि मिसली, म्हणजे जमिनीच्या नोंदी आणि फायली, आणि सकाळी एक तास हा डबा. लोकांसमोर ते कधी गायले नाहीत. मावला गावच्या मंदिरात भजनाला मागच्या रांगेत बसून साथ द्यायचे, तेवढंच.

आबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा धाकटा पाळण्यात होता. आबा पूर्वी किती बोलायचे, हे त्याला ठाऊकच नाही. उजवा हात अधू झाला आणि बोलणं गेलं. समजतं त्यांना सगळं. भाजीत मीठ विसरलं तर भुवई वर जाते. पण शब्द ओठांपर्यंत येऊन थांबतो आणि त्याच्या जागी "ते" बाहेर पडतं. पाणी म्हणजे ते, चष्मा म्हणजे ते, मीही ते.

नागपूरला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "हे गात होते का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग गाऊ द्या. काही जणांचे बोलण्यातले शब्द हरवतात, पण गाण्यातले सापडतात."

घरी आल्यावर मी तानपुरा लावून त्यांच्यापुढे ठेवला. पहिले तीन दिवस ते नुसते ऐकत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी सा लावला, आणि मग एका जुन्या भजनाची अख्खी ओळ म्हटली, शब्दांसकट. मी स्वयंपाकघरात होते. दूध उतू गेलं ते मला नंतर कळलं.

तेव्हापासून बाईंनी सांगितल्याप्रमाणे आमचा सराव सुरू झाला. आधी शब्द गाण्यात म्हणायचा, मग हळूहळू सूर कमी करत बोलण्यात आणायचा. असं करत "पाणी" आलं, "बस" आलं, "चल" आलं. आलेला शब्द मी कॅलेंडरवर त्या त्या तारखेला लिहून ठेवत असे. या हिवाळ्यापर्यंत अकरा शब्द झाले होते.

आणि एका सकाळी डब्याचा लाल दिवा लागलाच नाही.

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसतो तो काळा ठोकळा, म्हणजे अडॅप्टर, मी काढून पाहिला. गार पडला होता आणि जळकट वास येत होता. डब्यात सेल घालायची सोय होती, पण पूर्वी कधीतरी सेल गळून तिथल्या स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या. मी तुमच्या बाबांना फोन लावला.

"आई, डबा ठीक असेल, अडॅप्टर गेलाय," ते म्हणाले. "त्याच्यावर आऊटपुट किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाच. शेजारी टिंब आणि गोल असलेली एक छोटी खूण असेल, तिचा फोटो पाठव. ती सगळ्यात महत्त्वाची."

मी ठोकळा उलटा केला. लिहिलेल्या जागी कुंकवाचा जाड थर होता.

आपल्या घरी खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातल्या सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, हे तुम्ही पाहिलं आहे. शिलाई मशीन, मिक्सर, आबांची स्कूटर, माझी टाचणी-कात्री. माझ्या सासूबाई म्हणत, जे आपल्यासाठी राबतं त्याच्या कपाळी टिळा हवा. त्या हळद-कुंकू तेलात कालवून लावत, म्हणजे वर्षभर टिकतं. यंत्राला कपाळ कुठलं, असा प्रश्न मी नवी सून असताना विचारला होता. "जिथं सपाट नि मोकळी जागा दिसंल, ते कपाळ," त्या म्हणाल्या होत्या. अडॅप्टरवर सपाट जागा एकच असते, आणि कंपनी नेमके तिथेच आकडे कोरते. मी तानपुऱ्याला टिळा लावायचे तेव्हा त्याच्या ठोकळ्यालाही लावायचे. दर वर्षी, त्याच जागी, पुसून न घेता.

"आई, तू अडॅप्टरची पूजा करतेस?" तुमचे बाबा हसायला लागले.

"तुझ्या सायकलचीही करत होते. कधी काही झालं तिला?"

"दर पंधरा दिवसांनी पंक्चर व्हायची."

मला हसू आलं नाही. मी सुरीच्या टोकाने थर खरवडायला लागले. घाईत एका कोपऱ्यात सुरी जास्त दाबली गेली आणि थरासोबत प्लास्टिकचा पापुद्रा निघाला. नेमकी टिंब आणि गोलाची ती खूण गेली. मग मी सुरी ठेवली आणि कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून उरलेली जागा हलक्या हाताने पुसली. वरचं कुंकू निघालं, पण कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत मात्र बसून राहिलं, आणि काळ्यावर लाल अक्षरं उमटली. डीसी, नऊ व्होल्ट, पाचशे मिलिअँपिअर. नवं होतं तेव्हासुद्धा ते इतकं स्पष्ट दिसलं नसेल.

"छान," बाबा म्हणाले. "आता नीट ऐक. व्होल्ट तंतोतंत नऊच पाहिजेत. मिलिअँपिअर पाचशे किंवा त्याहून जास्त चालतील, डबा लागेल तेवढेच ओढतो. पण पिनच्या मधल्या भागात प्लस आहे की मायनस, हे सांगणारी खूणच गेली, तेव्हा ते कळल्याशिवाय काहीही लावू नकोस. उलटं लागलं तर डबा एका क्षणात जळू शकतो. नाहीतर सरळ नवा तानपुरा मागवतो मी."

आबा शेजारीच होते. त्यांनी डब्यावर डावा हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

बाबांनी मग तिकडून सांगत सांगत माझ्याकडून फोनवर तानपुऱ्याचं अॅप घालून घेतलं. आवाज चांगला होता. आबांनी थोडा वेळ ऐकला, आणि तेवढ्यात कुठल्याशा कर्जाची जाहिरात वाजली. पुन्हा लावला तर माझ्या बहिणीचा फोन आला. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलून पालथा ठेवला. त्यांना चावी लागते. डाव्या हाताने ती किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत सूर जुळवायचा, हे एकच काम घरात असं उरलं होतं जे ते कोणाच्या मदतीशिवाय करत.

तिसऱ्या दिवशी त्यांना तहान लागली तेव्हा ते "ते" म्हणाले. मी वाट पाहिली. त्यांनी पुन्हा तांब्याकडे बोट केलं. "ते." कॅलेंडरवर "पाणी" लिहिलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

त्याच दुपारी मी शहरात गेले. कापसाच्या गाड्यांमुळे रस्त्याला गर्दी होती आणि रिक्षावाल्याने लांबचा फेरा घेतला. विजेच्या सामानाच्या दुकानदाराला मी जुना ठोकळा दाखवला. तो आधी इकडच्या रीतीप्रमाणे तेलुगूत काही बोलला, मग माझ्याकडे पाहून हिंदीत आला.

"अम्मा, ये लो युनिव्हर्सल. तीन से बारा व्होल्ट, ये खटका सरकाओ. सब में चलता."

"पिन में प्लस अंदर है या बाहर?"

"दोनों हो जाता. पिन की ये टोपी निकालो, पलटाके लगाओ."

"पण माझ्या यंत्राला कोणतं हवं, ते कळणार कसं?" मी गडबडीत मराठीतच बोलले.

त्याला ते बरोबर कळलं. "लगाके देखो, अम्मा. नहीं चला तो पलटा दो."

आणि मी तो घेतला. मी, जी परीक्षेत अंदाजाने उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे कान धरत असे, ती पन्नास टक्के अंदाज पिशवीत घालून घरी आली. खटका नऊवर सरकवला. पिन डब्याच्या भोकात अशी बेतशीर बसली की जणू त्याच्याचसाठी केली होती. आबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. डावा हात चावीवर तयार ठेवला होता. माझं बोट भिंतीवरच्या बटणावर होतं.

पिन बसली याचा अर्थ वीज बरोबर आहे असा नाही, हे मला माहीत होतं. पण त्यांचा चेहरा पाहून दाबावंसं वाटत होतं. तुम्हाला खरं सांगते, मी मनात एक, दोन मोजलं. मग पिन ओढून काढली.

"थांबा जरा. विचारून लावू कोणाला तरी."

आबांनी चावीवरचा हात काढला आणि खिडकीकडे पाहत राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शेजारच्या वहिनी तुरीच्या शेंगा द्यायला आल्या तेव्हा मी तशीच डबा पुढे घेऊन बसले होते. त्या मूळच्या बेला गावच्या, शेतीवाडी अजून तिकडेच आहे. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अवो, मंग आमच्या बेल्याच्या मिस्तऱ्याले काऊन नाई इचारलं? साऱ्या गावाच्या भजनी मंडळाचे भोंगे तोच त नीट करते. आता कापूस वेचून राह्यला, पन बाजाराच्या दिवशी येते इकडं."

"घरी येईल का?"

"माह्या शब्दाले येते. नाई आला त त्याच्या बायकोले सांगतो."

बाजाराच्या दिवशी तो आला. पन्नाशीचा, स्वेटरवर कापसाचे धागे चिकटलेले, मोटरसायकलला बांधलेली पत्र्याची पेटी. त्याने आधी आबांच्या पायांना हात लावला, मग जमिनीवर मांडी घातली आणि जुना ठोकळा हातात घेतला.

"बाई, हे काऊन खरवडलं तुमी?"

मी कुंकवाची हकिकत सांगितली. तो हसला नाही. "आमच्या घरीबी असंच हाये. माह्या मीटरले बायको टिळा लावते, काचेवर. काटा दिसत नाई मंग."

मग त्याने मी आणलेला युनिव्हर्सल भिंतीत लावला आणि त्याच्या पिनेवर व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन सुया टेकवल्या. खटका नऊवर होता. मीटरवर साडेबारा दिसले.

"पाहा. लिवलं नऊ, देते साडेबारा. भार पडला का उतरते म्हन्तात, पन कितीवर उतरंन ते त्यालेच ठाऊक. अन् वजन पाहा, उचलून. आत कायी हायेच नाई. ह्याच्यावर सरकारी मानकाची खूनबी नाई. हे तुमी लावलं असतं..." आबांकडे पाहून तो थांबला. "नाई लावलं ना?"

"नाही."

"लई चांगलं केलं."

डबा उलटा करून त्याने चार स्क्रू काढले. आत धूळ होती, एक मेलेली मुंगी होती आणि बारीक तारांचं जाळं. भोकाच्या आतल्या बाजूने निघालेल्या तारांवरून तो सुई फिरवत गेला. आबा वाकून पाहत होते. मीसुद्धा.

"हे पाहा बाई. सेलचा मायनस ज्या तारेले लागते, तीच तार पिनच्या मधल्या खांबाले आली. म्हन्जे ह्याच्यात मधात मायनस, बाहेरून प्लस. लोक समजतात सारे मधात प्लसच अस्ते. हा उलटा हाये."

मी विचारलं, "त्या युनिव्हर्सलची टोपी आत्ता कशी आहे?"

त्याने पाहिलं. "मधात प्लस."

मी पदराने तोंड पुसलं. आबांनी आपला डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. त्या दिवशी मी पिन का काढली, ते त्यांना तेव्हा पटलं असावं.

मिस्तऱ्याने पेटीतून एक नवा अडॅप्टर काढला. खटका नाही, टोपी नाही, सरळ नऊ व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. मीटरवर नऊ आले. त्याने पिनच्या दोन तारा कापून उलट जोडल्या, गुंडाळल्या, पुन्हा मीटर लावून मधात मायनस असल्याची खात्री केली, आणि मगच डब्यात खुपसला. लाल दिवा लागला. चारी तारा वाजल्या.

वहिनी दारातूनच "बाई गं!" म्हणाल्या. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले, मान तिरपी केली, आणि कपाळाला आठी पडली. चावी फिरवली. आठी तशीच. डबा कानाजवळ ओढला आणि मिस्तऱ्याकडे बोट करून म्हणाले,

"खरखर."

आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. हा शब्द आम्ही कधी सरावात घेतला नव्हता. तो कुठल्याही भजनात नाही. तो मी त्यांना शिकवला नव्हता, सुरातून आणला नव्हता. त्यांना तक्रार करायची होती, आणि तक्रारीसाठी शब्द आपोआप आला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"खरखर," ते चिडून म्हणाले. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटलं असणार.

मिस्तऱ्याने कान डब्याला लावला. बराच वेळ ऐकलं. "हाये," तो म्हणाला. "बारीक हाये, पन हाये. आबा, तुमचा कान म्हन्जे माह्या मीटरच्या वर. हा हलका अडॅप्टर वीज तोडून तोडून देते ना, त्याचा आवाज हाये हा. यंत्राले त्यानं कायी होत नाई, पन गानाऱ्याले होते. तांब्याच्या वेटोळ्याचा जड वाला पाह्यजे, आत व्होल्ट धरून ठेवनारा. माह्याजवळ घरी हाये येक. उद्या आनतो."

"उद्या कापूस नाही का वेचायचा?"

"कापूस कुठं पळून जाते? आबाले खरखर ऐकू येऊन राह्यली."

जाताना त्याने मला दाराशी थांबवलं. "बाई, पूजा सोडू नका. पन टिळा आकड्यावर नका लावू. देवालेबी वाचता आलं पाह्यजे."

त्या संध्याकाळी मी कॅलेंडरवर "खरखर" लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला, थंडीत, मफलर गुंडाळून. जड अडॅप्टर त्याने आधी आमच्यासमोर मीटरला दाखवला. नऊ. मधात मायनस. तो डब्याला जोडला, तरी डबा लगेच आबांच्या हाती दिला नाही. डबा अर्धा तास तसाच वाजत ठेवला आणि मधून मधून ठोकळ्याला हात लावून पाहत राहिला. मलाही लावायला सांगितला. कोमट होता, चटका बसेल असा नाही. वास नाही. "असा राह्यला पाह्यजे," तो म्हणाला. "तापला, वास आला, का गुनगुनला, त काढून ठेवा अन् मले बोलवा." मी हे सगळं एका कागदावर लिहून डब्याच्या बुडाला चिकटवलं आहे. व्होल्ट, अँपिअर, मधात मायनस. कधी मी नसले आणि तुमच्यापैकी कोणी इथे असलं, तर आधी तो कागद वाचा.

मग आबांनी चावी फिरवली. किंचित इकडे, किंचित तिकडे. आठी नव्हती. मिस्तरी पेटी उचलून उभा होता आणि जायच्या आधी त्याने विचारलं, "आबा, आता ठीक?"

आबांनी डोळे न उघडता डावा हात वर केला. गप्प, असा. सा लागला होता.

तो जागच्या जागी उभा राहिला, पेटी हातात घेऊन. मी चहाचा कप त्याला द्यायला आले होते, मीही उभीच राहिले. आबा मंद्रातून वर आले, एका भजनाची ओळ धरली, सोडली, पुन्हा धरली. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. चहा गार झाला.

आता ते रोज सकाळी साडेसहाला बसतात. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि शाळेचं, खेळाचं काही सांगायला तुम्ही उत्सुक असता, हे मला कळतं. तरी त्या एका तासात मी फोन उचलला नाही तर काळजी करू नका. साडेसातनंतर लावा. मी उचलेन आणि आधी आबांच्या हातात देईन. मग तुम्ही बोला आणि थोडं थांबा. घाईघाईने दुसरा प्रश्न विचारू नका. त्यांचा शब्द यायला वेळ लागतो, पण येतो.